इंदूताईंची दुपार

रॉकेलच्या रांगेत उभी असताना इंदूताई गेल्याचं कळलं. त्यांच्या शेजारणीनेच सांगितलं. झोपेतच गेल्या, कुणाला धावपळ करायला लावली नाही... मी रिकामा डबा घेऊन तशीच घरी आले. सासूबाई खिडकीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, तर हात सुपातच थांबला. "इंदू गेली? मग आता माझ्यासाठी पुस्तक कोण काढून ठेवतलो?" असं रागावल्यासारखं म्हणाल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावला.

महिना होऊन गेला त्याला. इंदूताई मुलुंडच्या आमच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. पिठाच्या गिरणीवरची ती लांबट खोली, खाली जातं फिरायला लागलं की वर टेबलं थरथरायची, आणि त्या सगळ्या आवाजावर इंदूताईंचा आवाज. ग्रंथपालाने कुजबुजत बोलावं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मी लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा साठीचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा सकाळीच कारखान्यात जायचा, घरात मी आणि सासूबाई. तशा त्या वाईट नव्हत्या, पण बाईमाणूस दुपारी पुस्तक घेऊन बसलेलं त्यांना खपत नसे. मी पुस्तक उघडलं की त्यांना हमखास पापड लाटायची आठवण व्हायची. एका दुपारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि वाचनालयाचा जिना चढले.

"मला लपवता येईल असं एखादं बारीकसं पुस्तक द्या," मी म्हटलं.

"कुणापासून लपवायचंय?"

"सासूबाईंपासून."

इंदूताई खो खो हसल्या. "मग तुझं राहू दे गं. आधी त्यांचं बघू. कुठल्या त्या?"

"मालवणच्या."

"म्हणजे बोटीने आल्या असणार मुंबईला!"

"हो. अजून त्या बोटीच्याच गोष्टी सांगतात."

इंदूताई उठल्या आणि कपाटातून एक कादंबरी घेऊन आल्या. कोकणच्या बोटीवर झालेला खून, एक डॉक्टर, एक सावकार, एक गप्प गप्प राहणारी विधवा... "ही घरात उघडी टाकून ठेव. वाचा म्हणून सांगू मात्र नकोस हं."

मी तसंच केलं. सासूबाईंनी आधी मुखपृष्ठावरच्या बोटीला नावं ठेवली. मग लेखकाने बंदरं तरी नीट लिहिलीत का, हे तपासायला म्हणून चष्मा लावला. दुसऱ्या दिवशी पापडांचा विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली तरी त्या जागच्या हलेनात. मी जवळ गेले तर हात वर करून ओरडल्या, "खून कोणी केल्यान, ता माका सांगू नको!" त्या दिवसापासून आमच्या घरात दुपारी दोन बायका वाचत बसू लागल्या. पुढे तर सासूबाई स्वतःच जिना चढून जायच्या.

पुस्तक नाक दाबून प्यायचा काढा नव्हे, असं इंदूताई म्हणत. दोन प्रकरणांत जीव रमला नाही तर खुशाल परत आणा, ते संपवणं हे काही व्रत नाही. कुणाला काय आवडेल हे त्या पुस्तकांच्या गप्पांतून नाही, घरच्या गप्पांतून ओळखत. आमच्या मजल्यावरच्या एकीचा नवरा भारी अबोल. तिला त्यांनी विनोदी लेखांचं पुस्तक दिलं आणि सांगितलं, "त्याच्यासमोर बस आणि एकटीच हस. कधीतरी विचारेलच." चौथ्या लेखाला त्याने विचारलं! मग तीच त्याला वाचून दाखवू लागली.

आणि हेच सगळं बंद व्हायची वेळ आली. सत्तर साल उजाडलं होतं. वाचनालयाला नवे अध्यक्ष आले, एक निवृत्त मुख्याध्यापक. रहस्यकथा नि विनोदाने वाचकांची अभिरुची बिघडते, म्हणून अशी खरेदी थांबवावी आणि बायकांसाठीची दुपारची वेळ बंद करावी, असा ठराव त्यांनी वार्षिक सभेपुढे आणला. संध्याकाळी या म्हणे! संध्याकाळी चूल कोण पेटवणार? इंदूताईंचा चेहरा उतरला होता, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मी नोकर माणूस, मला सभेत बोलता यायचं नाही. तुम्ही मात्र सभासद आहात ना?"

आम्ही गेलो. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात भाजीची पिशवी. सभेला इतक्या बायका कधी आल्याच नव्हत्या. अध्यक्षांचं भाषण संपलं आणि माझ्या शेजारून सासूबाई उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढून पाहिला.

"अध्यक्षमहाराज, माझं काय बिघडलंय ते तुम्हीच ठरवा," म्हणत त्यांनी त्या बोटीवरच्या खुनाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. काय सांगितली म्हणून सांगू! सावकाराची बंद केबिन, डॉक्टरच्या हातातला ओला रुमाल, विधवेचं रात्री डेकवर जाणं... सभा चिडीचूप झाली. आणि खुनी सापडणार तेवढ्यात त्या चक्क खाली बसल्या. "पुढचं दुपारी वाचनालयात मिळतं."

"अहो, पण तो डॉक्टर तर निर्दोष होता ना?" अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं.

जो हशा उसळला, त्यात ते स्वतःही सापडले. ठरावाच्या विरोधात हात वर झाले तेव्हा आधी बांगड्यांचा आवाज आला. ठराव पडला. इंदूताई मागे कपाटाला टेकून उभ्या होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष ती कादंबरी मागायला आले. "देते ना सर," इंदूताई म्हणाल्या, "पण तुमच्या आधी बऱ्याच जणी आहेत." ते मुकाट्याने नंबर लावून गेले, आणि पुढे इंदूताई सांगतील ती पुस्तकं नेऊ लागले.

इंदूताई गेल्यावर परवा दुपारी पहिल्यांदाच वाचनालयात गेले. पाय उचलत नव्हता. वाटलं, खोली सुनीसुनी असेल... जिना चढले तर बसायला जागा नव्हती. गिरणी चालू होती, टेबलं थरथरत होती. कोपऱ्यातली एक नवी मुलगी वाचता वाचता एकदम पोट धरून हसायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. सगळ्यांनी माना वर केल्या, आणि चारी बाजूंनी एकच गलका झाला, "काय वाचतेयस गं? झालं की मला दे!"