झोपाळेवालीचे दिवे

उशांचे सहा अभ्रे सोड्याच्या गरम पाण्यात भिजत होते. तीन घासून-पिळून झाले, चौथा हातात आला, आणि मास्तरीणबाईंचे हात पाण्यातच थांबले.

अभ्र्याची शिवण एका बाजूनं उसवली होती. कितपत उसवली ते बघायला त्यांनी आतली दुमड बोटानं उलटी केली. आतलं कापड पांढरंशुभ्र होतं, दुकानातून आणलं त्या दिवशीसारखं. बाहेरचं मात्र असं पिवळं, की कुणा परक्यानं शपथेवर सांगितलं असतं, हे कापडच पिवळं. पांढऱ्याचं पिवळं होतं ही काही त्यांना नव्यानं कळायची गोष्ट नव्हती. चाळीस वर्षं त्या तेच तर करत आल्या होत्या. पिवळं पडलेलं घासायचं, पांढरं करायचं, उन्हात टाकायचं. पण आज ती दुमड त्यांनी पुन्हा एकदा उलटून बघितली.

ओल्या हातांनीच त्या मधल्या खोलीत गेल्या. खोलीत पलंगाएवढी जागा अडवून पिनबॉलचं जुनं मशीन उभं होतं. त्याची फळी काठीचा टेकू देऊन वर उचललेली होती आणि आतला सगळा संसार उघडा पडला होता. आतल्या लाकडी भिंतीला पत्र्याच्या एका पट्टीखाली जुन्या तारेचा वीतभर तुकडा तसाच राहून गेला होता. बाईंनी कात्रीच्या टोकानं पट्टी उचकटली. तार दोन्ही बाजूंना जुन्या दातासारखी पिवळी होती. मधे, पट्टीखाली, बोटभर पांढरी.

"देवा," त्या म्हणाल्या. पुढे काय मागायचं ते त्यांना सुचेना.

बाईंचे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बसस्थानकामागच्या खेळघरात एकतीस वर्षं त्यांनी मशीनं दुरुस्त केली. नाण्यावर चालणारी पिनबॉलची अकरा मशीनं तिथं ओळीनं उभी असत. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर धडका घेत, घंटा वाजवत खाली येणारा लोखंडी गोळा, आणि तो खड्ड्यात पडू नये म्हणून दोन बटणांवर जीव तोडून बोटं मारणारी माणसं. कुणी चिडून मशीन हलवलं की आतला लोलक कडीला लागे, सगळं एकदम विझे आणि काचेवर एकच शब्द उजळे, 'टिल्ट'. खेळ खलास. ज्याचा खेळ असा विझे तो आधी मास्तरांच्या नावानं शंख करी. त्यावरून नाव पडलं टिल्टमास्तर. पुढे टिल्ट गळून नुसते मास्तर उरले, आणि चौथीपुढे शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या बायकोला त्यांच्यापायी सगळे मास्तरीणबाई म्हणू लागले.

मास्तरांचा कान असा, की खेळघराच्या दारातूनच ते सांगत, "चौथ्याची डावी कॉईल आठ दिवसांत जाणार." आणि जाई. कॉईल म्हणजे केसासारख्या तारेची गुंडाळी. तिच्याच झटक्यानं गोळा उडतो. त्यांचा एक नियम होता, त्यावरून मालकाशी दर महिन्याला वाजायचं. खेळ पुरता चालत नसेल तर काचेमागचे दिवे लावायचे नाहीत. "दिवा बघून गिऱ्हाईक नाणं टाकतं," मास्तर म्हणत. "वर रोषणाई आणि आत गोळा अडकलेला, ही लबाडी झाली."

खेळघर बंद झालं तेव्हा मालकानं विचारलं, मास्तर, काय नेता? मास्तरांनी झोपाळेवालीला मागितलं. त्या मशीनच्या उभ्या काचेवर सर्कशीतल्या उंच झोपाळ्यावर बसलेली, लाल पोशाखातली एक बाई रंगवलेली होती. चार हमालांनी मशीन आणलं. दारातून जाईना म्हणून त्याचे पाय काढले, तरी जाईना म्हणून दाराची फळी काढली. मास्तरांची धाकटी बहीण तेव्हा घरी आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"वहिनी, म्हातारपणी दादानं सवत आणली की गं तुझ्या उरावर!"

"आणू दे. निदान ही उलटून बोलत नाही."

"घंटा वाजायला लागल्या की बोलेल हो."

पाच वर्षं ती बोलली नाही. मास्तर आज करू, उद्या करू म्हणत राहिले. माणूस उद्याचे बेत करतो आणि वर बसलेला गालातल्या गालात हसतो, तसं झालं. या वर्षी मास्तरांना दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. त्यांनी आधी सुताराला बोलावलं. सुतारानं ओळंबा सोडला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मास्तर, चौकट सरळ आहे." मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं झालं.

"मधलं दिसणं जाईल," त्या म्हणाल्या. "कडेचं राहील. घरात वावरता येईल, पण समोरच्याचं तोंड दिसणार नाही. इंजेक्शनं सुरू करू, त्यानं वेग कमी होईल. गेलेलं मात्र परत येत नाही."

"किती दिवस आहेत?"

"ते सांगता येत नाही. काही महिने धरा."

 परत येताना घराचा जिना चढता चढता मास्तर म्हणाले, "झोपाळेवाली एकदा पेटलेली बघायला हवी."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. तारांवरचं सुती वेष्टण हात लावला की पापडासारखं फुटत होतं. एक बदलायला जावं तर शेजारची दोन मोडत. म्हणून सगळा जुडगा एकदम कापून काढायचा ठरला. पण कुठली तार कुठून कुठं जाते ते लक्षात राहावं कसं? दर तारेचा एक मूळ रंग, त्यावर दुसऱ्या रंगाची रेघ. मास्तरांना रंग आता राखेसारखे दिसत. बाईंनी आपला शिवणाचा डबा आणला. तार कापायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांजवळ त्या रंगाचा दोरा बांधायचा, आणि मास्तरांना बोटांनी कळावं म्हणून त्याला गाठी मारायच्या. पांढऱ्याला एक गाठ, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन.

"रंग?" मास्तर मशीनखालून विचारत.

"पिवळा. वर लाल रेघ."

"बांध."

चाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांच्या धंद्यात बाईंचा हात पहिल्यांदाच लागत होता. त्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यातल्या नव्हत्या. गुडघे दुखेपर्यंत जमिनीवर बसून एकेक गाठ मारत. एकदा मात्र मास्तर थबकले.

"पिवळी-लाल दोनदा कशी आली? पांढरी-लाल एकही नाही? नीट बघितलंस ना?"

"अहो, जन्म गेला माझा कपड्यांत. मला पांढरं-पिवळं कळत नाही होय?"

मास्तर हसले. "चुकलो बाईसाहेब. मधे कुणीतरी हाताला लागेल ती तार घातली असेल."

एकतीस वर्षं खेळघरात माणसांनी सिगारेटी ओढल्या होत्या. तो सगळा धूर मशीनच्या पोटात जाऊन बसला होता. हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

जुना जुडगा भंगारवाला घेऊन गेला. तांब्यासाठी त्यानं तो त्याच दिवशी जाळला. नव्या तारा गाठी चाचपत जोडता जोडता तीन आठवडे गेले. परवा सकाळी मास्तरांनी बटण दाबलं. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्यांदा फ्यूज टिकला, पण मशीनमधून धूर आला. मास्तरांनी नाक खाली नेऊन वास घेतला आणि बटण बंद केलं.

"फळीवरचा झोपाळा हलवणारी कॉईल गेली," ते म्हणाले. "ती आता कुठं मिळत नाही."

मग त्यांनी हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली, पेटीला कडी घातली आणि म्हणाले, "डोळे जाणार हे माहीत होतं. हात आधी जातील असं वाटलं नव्हतं."

त्या वेळेपासून ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरत. आज सकाळी सदऱ्याची बटणं त्यांनी बाईंकडून लावून घेतली.

बाई तारेचा तुकडा मुठीत घेऊन उभ्या राहिल्या. न सांगितलं तर कुणाला कळणार होतं? सांगितलं काय, न सांगितलं काय, मशीन तर मेलेलंच होतं. पण सकाळची सदऱ्याची बटणं आठवली, आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"धुणं झालं?"

"नाही. अहो, चूक तुमच्या हातांची नव्हती."

"कसली चूक?"

बाईंनी तार त्यांच्या तळहातावर ठेवली. "हिला मी पिवळी म्हटलं होतं. पट्टीखाली बघितलं तर पांढरी निघाली. धुरानं पिवळ्या पडल्या होत्या सगळ्या. जेवढ्या पांढऱ्या होत्या तेवढ्यांना मी पिवळ्याच्या दोन गाठी मारल्या. तुम्ही विचारलंतसुद्धा. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी मला कळायला हवं होतं."

मास्तरांनी तार बोटांत फिरवली.

"अशा सारख्या गाठींच्या किती जोड्या?"

"अकरा."

"कुठली खरी पिवळी होती, काही आठवतं?"

"नाही हो."

मास्तरांनी हात पुढे धरले, मान वळवून डोळ्यांच्या कडेनं त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तारांचे सांधे नीट बसले होते?"

"एकेक ओढून बघितलाय मी. एकही सुटला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. बोला हो मला काहीतरी. ओरडा."

"काय ओरडू? चाळीस वर्षं माझे सदरे पांढरे ठेवलेस आणि शेवटी तारांनी तुला गंडवलं." ते हसले, पण हसू पुरतं ओठांवर येईना. "अकरा जोड्या. एकेक उलटसुलट करून बघायची म्हटली, तर चुकेल तिथं कॉईल जाणार. अन् तोवर माझं मधलं गेलेलं असणार."

"मग?"

"मग काही नाही."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.  मग मास्तर म्हणाले, "दिव्यांच्या तारा तपकिरी होत्या ना? त्यांत चूक नाही?"

"नाही. त्या तपकिरीच."

"मग दिवे तरी लावू."

"आणि तुमचा नियम?"

"इथं कोण येतंय नाणं टाकायला? दुधाची तहान ताकावर."

मधल्या खोलीत जाऊन त्यांनी मशीनच्या पोटात हात घातला आणि नुसत्या चाचपण्यावर कॉईलींचा फ्यूज काढून घेतला. बोट कुठं अडलं नाही की थरथरलं नाही. मग बटण दाबलं.

झोपाळेवाली पेटली. काचेमागे सोळा बल्ब होते. सोळाच्या सोळा लागले. लाल पोशाख, झोपाळ्याचे दोर, मागचा निळा तंबू सगळं उजळलं, आणि सगळ्यात लख्ख तिचं तोंड. नाकावरचा रंग टवका उडून गेला होता, तरी ती हसत होती. पाच वर्षं ज्या सवतीला नावं ठेवली तिच्याकडे बाई बघतच राहिल्या.

मास्तर काचेसमोर उभे होते. त्यांनी मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग परत सरळ केली.

"कडेचे लागलेत," ते म्हणाले. "मधले चार गेलेत बघ. तोंडामागचे. तिच्या तोंडावर नुसता काळोख आहे."

बाईंनी पुन्हा मोजले. सोळा. बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण एक खरं बोलण्यातच आजचं बळ संपलं होतं; दुसऱ्यासाठी देवानं शिल्लक ठेवलं नव्हतं.

"चार बल्ब म्हणजे काहीच नाही," मास्तर म्हणाले. परवापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात घाई होती. "ते मी बदलतो. हात ठीक आहेत ना आता! कोपऱ्यावर मिळतील. सहा व्होल्टचे, छोटे."

"पेचाचे की खटक्याचे?"

"खटक्याचे. पेचाचे देईल तो, घेऊ नकोस."

"बरं."

बादलीत तीन अभ्रे तसेच होते. बाईंनी हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घेऊन जिना उतरल्या. कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानातून सहा व्होल्टचे, खटक्याचे चार छोटे बल्ब आणायचे होते.