दोन मार्क वजा

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आपला नियम आपल्यालाही लागू असतो असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि असा माणूस पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये. आमच्या कॉलेजात मी गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी प्रोग्रामिंगचे सर बसत. केस पिकायला लागले तरी तासिका तत्त्वावरच, म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टीत हवा खायची. पण नियम असे कडक, की विद्यापीठानंही लाजावं. चौघांचा प्रोग्राम सारखा निघाला की फाइलचे वीस मार्क चौघांत वाटत, प्रत्येकी पाच. "एकच भाकर हाय, मिळून खा," म्हणत. एक पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला, मूळ प्रोग्राम माझाच, यांनी चोरला. सर म्हणाले, "मंग भाकर झाकून ठेवाची होती."

उशिराचं तर विचारूच नका. कारण ऐकायचंच नाही. ज्याची फाइल उशिरा आली त्यानं पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहायचं, 'एक दिवस उशीर, दोन मार्क वजा'. लाल पेन सरच पुरवीत. एकदा कळंबहून येताना त्यांचीच एसटी बंद पडली आणि अर्धा तास बुडाला, तर यांनी मानधनाच्या बिलातून अख्खा तास खोडून टाकला. मी म्हटलं, "अहो, अर्धा तर घेतला ना?" तर म्हणे, "पोट्ट्यायले अर्ध्या प्रोग्रामचे मार्क देतो का मी?" मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी एकदाची त्यांच्या विषयाची कायम जागा निघाली. मुलाखत अकराला. आदल्याच दिवशी प्रॅक्टिकल परीक्षेला बोरी अरबहून येणारी रुखसार, एका मेकॅनिकची मुलगी, बस उशिरा आल्यामुळे दहा मिनिटं मागे पडली होती आणि सरांनी तिला दाराबाहेरच ठेवलं होतं. पुन्हा परीक्षा मिळेल का विचारायला ती मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात उभी होती, मी सरांची वाट पाहत होतो. सर आले ते घामाघूम, अकरा दहाला. पुन्हा एसटीच. शिपाई म्हणाला, "चला लवकर, सायेब वाट पाहून राह्यले." सरांनी घड्याळ पाहिलं, मग रुखसारकडे, आणि जागीच थांबले.

"सर, माही गोष्ट अलग, तुमची अलग. जा ना आत," ती काकुळतीनं म्हणाली.

"काल तुले बाहेर ठेवलं ना मी? आता कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मी हात धरून ओढलं. त्यांनी हळूच सोडवून घेतला आणि आल्या पावली परत गेले. मला त्यांचा भयंकर राग आला, अजूनही आहे. नियमाशी संसार करता येत नाही, घरी बायकापोरं असतात.

जागा दुसऱ्याला मिळाली. सर आता कळंबला मंदिराच्या रस्त्यावर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात. नवे सर फार मनमिळाऊ आहेत. फाइल कधीही आणा, कोणाचीही उतरवा, सरसकट अठरा मार्क. तारीख आपली म्हणायला दिलेली असते. त्यामुळे ते पोरांत भलतेच लोकप्रिय आहेत.

परवा त्यांनी एक फाइल माझ्यापुढे सरकवली. "हे काय लिहिलंय हो हिनं? मी तर काही म्हटलंही नव्हतं." पहिल्या पानावर रुखसारच्या अक्षरात, लाल पेनानं, 'एक दिवस उशीर, दोन मार्क वजा'. त्यांनी हसत तिलाही अठराच दिले. अख्ख्या वर्गात तेवढेच अठरा खरे होते, पण हे मी त्यांना कसं सांगणार?

सांगायचं होतं ते दुसऱ्याच माणसाला. लगेच कळंबला फोन लावला. पलीकडे गर्दीचा आवाज होता. "एका पोट्ट्याचा फॉर्म भरून राह्यलो," सर घाईनं म्हणाले, "आजची शेवटची तारीख हाय. मंग बोलू." आणि फोन ठेवला.