कॅसेटमधला तारपा

भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकायचा तर पाय चालते हवेत, हे शेणव्याकडच्या पाड्यात सांगावं लागत नाही. वाजवणारा चालतो, नाचणारे त्याच्यामागे फेर धरतात. त्यामुळे शहाण्णव साली कल्याणच्या एका खोलीत कॅसेट भरताना तारपा वाजवणारा धाकलू खोलीभर फिरत राहिला आणि कोपऱ्यातल्या माइकवाल्याने कपाळाला हात लावला. “बाबा, एका जागी उभा राहा की!” पण तारपा तोंडाला लागला की धाकलूचे पाय थांबेनात. शेवटी वैतागून माइकवाल्याने तसंच भरलं. कॅसेटमध्ये तारपा जवळ येतो, मग लांब जातो.

पुढे शहापूर-मुरबाडची सगळी नवी पोरं त्या कॅसेटवरच शिकली.

दहा वर्षांनी मुरबाडच्या स्पर्धेत धाकलूला परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं. आता चार पावलांत त्याला धाप लागायची. समोर एकेक गडी खांबासारखा उभा राहून वाजवत होता आणि मधेच फुंक कमी करून आवाज बारीक करत होता. नाचायला कुणीच नव्हतं.

जगन नावाचा पहिला आलेला गडी पाया पडला. “बाबा, आवाज लांब न्यायचा तुमच्यासारखा जमला ना?”

“मी काय नेत नव्हतो रे. मी चालत होतो.”

जगन नुसता हसला. लोकांनी आग्रह केला, म्हणून धाकलूने खुर्चीतच तारपा तोंडाला लावला. आवाज सरळ, एकसारखा निघाला.

मागून कुणीतरी हळहळलं, “म्हातारा आपलंच वाजवणं इसरला.”