बहिणीची घोडी

बहीण जिंकली की बारामतीच्या चौकात फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्स लागला की माझ्या पोटात दुखतं. हे सरळच सांगते, कारण लोकांना वाटतं मला फार अभिमान आहे. अभिमान आहेच की, पण तो पोटदुखीच्या मागून, दम खात येतो. गेल्या खेपेच्या फ्लेक्सवर शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे इतके मोठे होते की घोडीचे कान कापावे लागले होते. बहीण मात्र पुरती होती. टोपी, काळा कोट, पांढरी विजार. एसटीत मी मान दुसरीकडं फिरवली, तर शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "ती पोरगी आमच्या पिंपळीची हाय बरं का." मी म्हटलं, "व्हय का?"

तिचा खेळ तीन दिवस चालतो. घोडं एकच, स्वार एकच. पहिल्या दिवशी घोड्याला मैदानात तालात, शिस्तीत चालवून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी रानातून भरधाव न्यायचं. वाटेत ओंडके, चर, पाण्याचे डोह, सगळ्यांवरून उडी. तिसऱ्या दिवशी रंगीत दांडे, एकही न पाडता. हे सगळं गावाला मलाच समजावून सांगावं लागतं, कारण ती स्पर्धेत असते आणि मी घरी. डाळजात माझ्या सासरी कुणीही पारावर अडवतं. "शर्यत का वं ती?" शर्यत न्हाय. "मग वरातीत घोडी नाचत्यात तसं?" पहिल्या दिवशी थोडं तसंच. "हात्तिच्या, मंग आबांच्या घोडीवानीच की!"

आबा म्हणजे आमचे वडील. पिंपळीत त्यांच्याकडं वरातीच्या घोड्या होत्या. आम्ही दोघी बहिणी त्या घोड्यांच्या पाठीवरच वाढलो. मी पाच वर्षांनी मोठी. तिला पहिल्यांदा घोडीवर मी बसवलं, पडली तेव्हा तिच्या परकराची धूळ मी झटकली. बैठक माझी चांगली होती. हे मी म्हणत नाही, आबाच म्हणायचे.

एका वरातीनंतर आम्ही दोघी खोगीर न घालताच घोड्या घराकडं पळवत होतो. ते एका निवृत्त लष्करी साहेबांनी पाहिलं. पुण्याजवळ ते घोडेस्वारी शिकवायचे. आठवड्यानं ते जीप घेऊन दारात आले आणि एका पोरीला नेतो म्हणाले. पण तोवर माझी सुपारी फुटली होती. आबा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "थोरलीचं जमलंया. धाकटीला न्या." बहीण जीपमध्ये बसली, तिची पिशवी मी वर दिली. कालव्याच्या पुलापलीकडं जीप गेली तरी तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. मी हात वर करून उभी होते. शेवटी तो हात केसांवरून फिरवला आणि आत गेले.

मग तिचे चषक सुरू झाले. आबांनी त्यांच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं. मी माहेरी गेले की ते कपाट पुसायचं काम माझ्याकडं यायचं.

दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. एरवी ती आता छान 'आहे-नाही' बोलते. काही हवं असलं की मात्र 'हाय-न्हाय' वर येते. "ताई, घोडीची पुढच्या पायाची नस दुखावलीया. वरीसभर तरी सांभाळावी लागंल. तुझ्याबिगर माझा कुणावर भरवसा न्हाय गं." तिला जरा ताटकळू द्यावं म्हणून मी आधी चुलीवरचं दूध उतरवलं. मग हो म्हटलं.

तांबूस रंगाची, कपाळावर चांद असलेली ती घोडी आमच्या गोठ्यात आली. सकाळ-संध्याकाळ तिला धरणाच्या फुगवट्यात, कडेच्या घट्ट जमिनीवर गुडघाभर पाण्यात उभी करायची. रोहित पक्षी बघायला आलेले पाहुणे पक्षी सोडून तिचेच फोटो काढायचे. उन्हाळ्यात पाणी लांब सरलं की विहिरीची मोटर चालू करून पायावर पाईप धरायचा. मग चालवणं, आधी नुसतं अंगणात, मग बांधावरून, मग पाठीवर बसून. सासूबाई म्हणायच्या, "बाळंतिणीला कुणी जपत न्हाय एवढं घोडीला जपती. माझा चा मातर रोज गार." खरं होतं ते.

हळूहळू घोडी माझी झाली. बादलीचा आवाज आला की खिंकाळायची, पदर ओढायची. बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन घोडीपुढं धरायची. पलीकडून आवाज आला की घोडी कान टवकारायची, आणि लगेच आमच्याकडचं नेटवर्क जायचं. डाळजात नेटवर्क चांगलं आहे.

घोडी आली तेव्हा लावलेला ऊस तोडणीला आला, तोवर ती मला पाठीवर घेऊन दुडकी धावत होती. एका सकाळी, नवऱ्याची विजार घालून मी तिच्यावर बसले असताना, शेताच्या कडेची पाण्याची चारी आडवी आली. मी लगाम आवरला नाही. चारी मागं पडली तेव्हा मी मोठ्यानं हसत होते, एकटीच. कितीतरी वर्षांत इतकी खूश झाले नव्हते.

त्याच आठवड्यात बहिणीचा निरोप आला. डॉक्टरला घेऊन येते, पाय बरा असेल तर घोडीला घेऊन जाते. मोठी स्पर्धा जवळ आली आहे. आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं. पाय कच्चा निघाला तर मात्र घोडी कायमची माझ्याकडं राहणार होती, हेही तिनंच सांगितलं होतं.

परीक्षा साधी असते. डॉक्टर रस्त्याच्या टोकाला उभा राहतो, कुणीतरी दोरी धरून घोड्याबरोबर दुडकी पळत येतं, आणि डॉक्टर पाय बघतो. आमच्या घरासमोरचा रस्ता एका कडेला गुळगुळीत, तर दुसऱ्या कडेला उखडलेल्या खडीचा. खडीवरून आणि दोरी आखूड धरून पळवली, तर कुठलीही घोडी चोरून पाय टाकते. आबांच्या घोड्यांबरोबर वाढलेल्या मला हे कुणी शिकवायला नको होतं. आदल्या दिवसापासून मी तेच घोळवत होते.

"दोरी कोण धरणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताईच धरंल," बहीण म्हणाली. "घोडी तिच्या हातातली हाय."

मी घोडीला खडीवरच घेतली. ती बिचकत पाय टाकू लागली. डॉक्टरांनी मान हलवली, आणि मला बहिणीचा चेहरा दिसला. तो रागावला असता तर मी तशीच पळत राहिले असते. पण त्यावर कीव होती, माझी. 'जाऊ दे ताई, तुझ्यानं जमलं तेवढं केलंस,' असं तो चेहरा म्हणत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घोडी लंगडी निघाली तर ती माझ्या हातून लंगडी निघणार होती, आणि हिनं ते आयुष्यभर समजूतदारपणे सोसलं असतं!

"थांबा, डॉक्टर!" मी ओरडले. "आता बघा!"

घोडी गुळगुळीत कडेला घेतली, दोरी सैल सोडली, पदर खोचला आणि पळाले. तिनं मान उंच केली, चारी पाय घड्याळासारखे पडायला लागले. कडेला उभ्या सासूबाईसुद्धा "अगं बया!" म्हणाल्या.

"हिला काही झालं होतं असं कुणी म्हणेल का?" डॉक्टर म्हणाले.

"कोन म्हनंल?" मी धापा टाकत, छाती फुगवून म्हटलं. आणि मग लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बहीण गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, "आधी जेवून घे."

दुपारी ट्रक आला. आबांच्या घोड्या टेम्पोत चढायला नेहमी अडायच्या. चौघांनी ढकलावं लागायचं. मला वाटलं, हीपण अडेल. निदान थोडी अडेल. समजूत काढायला मी मुठीत गूळ घेऊन ठेवला होता. ट्रकची फळी खाली पडल्याचा आवाज झाला, घोडीचे कान उभे राहिले, आणि माझ्या हातातली दोरी हिसकून ती एकटीच वर चढली. गूळ मुठीत तसाच राहिला. ट्रक हायवेला लागला. तिचं तोंड पुढं होतं, पुण्याकडं.

मलाही न्यायला एकदा गाडी आली होती, डाळजहून, झेंडूच्या माळा लावलेली. कालव्याचा पूल दिसेनासा होईपर्यंत मी तिच्या मागच्या काचेतून मागंच बघत होते.