कलम सात आणि एक हजार एक मोदक

आईच्या मोदकांत शोषण आहे, असं मी एका रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा आई उकड मळत होती.

"शोषण नाही, जायफळ आहे," ती म्हणाली. "आणि ती परात सरकव इकडे."

दिंडोशीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून आई रोज पोळ्या विकते आणि दर संकष्टीला उकडीचे मोदक. नारळ गोरेगावच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून, तांदळाची पिठी पाकिटातली आणि मोदक जायचे प्लास्टिकच्या डब्यांतून. मी तेव्हा नुकतीच नोकरी सोडली होती. नोकरी देणाऱ्या कंपनीला मी राजीनाम्यात चार पानी कारणं दिली होती. आता माझ्याकडे वेळही होता आणि शाईही.

आमच्या घरात पत्रकं लिहिणं हे घरकाम होतं. आजोबा गिरणीत, बाबा कारखान्यात, दोघंही युनियनचे. मी लहानपणी पत्रकांच्या घड्या घातल्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली. सहावीत 'आमची सहल' या निबंधाचा शेवट मी 'तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे' असा केला. बाईंनी पालकांना बोलावलं. बाबा शाळेत गेले आणि खूश होऊन परत आले.

तेव्हा आईच्या धंद्याला नवी पुरवठा साखळी द्यायची तर पत्रकापासून सुरुवात होणार हे उघड होतं. मी ते एका रात्रीत नाही, तीन आठवड्यांत लिहिलं. अकरा कलमं. दलाल नको, माल थेट गावातून घ्यायचा. प्लास्टिक नको. श्रमाचा भाव श्रम करणाऱ्यानेच ठरवायचा. सातवं कलम बाबांच्या जुन्या पत्रकातून जसंच्या तसं उचललं होतं: 'सणासुदीला कष्टकऱ्याला हक्काची सुट्टी मिळालीच पाहिजे, ती कुणाच्याही नफ्यासाठी रद्द होणार नाही.' ते घातलं नसतं तर पानाचा खालचा भाग रिकामा दिसला असता.

आईने चष्मा लावून सगळं वाचलं.

"या मागण्या कुणाकडे केल्यायत?"

"व्यवस्थेकडे."

"ती पिठी कधी पाठवणार?"

मी एक प्रत कोकणातल्या आमच्या गावी बायकांच्या बचत गटाला पाठवली आणि एक प्रत बाजारात त्या नारळवाल्याच्या दुकानासमोरच्या खांबावर चिकटवली. त्या प्रतीत मी 'नारळाचे रक्तपिपासू दलाल' असा शब्दप्रयोग केला होता. चिकटवताना तो समोरच बसला होता. त्याने मला खळ कमी पडतेय म्हणून पाणी दिलं. मला वाटलं, घाबरलाय.

आणि साखळी चालली की! गटाच्या प्रमुख काकींनी मे महिन्यात आंबेमोहोर धुऊन, सावलीत सुकवून पिठी दळून ठेवली. जूनच्या आणि जुलैच्या संकष्टीला त्यांचे नारळ आणि पिठी गावच्या खासगी बसच्या पोटातून आले आणि सकाळी हायवेवर मी ते उतरवून घेतले. उकड इतकी मऊ झाली की आईने कौतुक टाळण्यासाठी दुसऱ्याच विषयावर बोलणं सुरू केलं. मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं की भांडवलशाहीचं एक उपनगर तरी आपण घेतलं आहे.

मग आईला ती ऑर्डर मिळाली. समोरच्या मोठ्या सोसायटीचं गणपती मंडळ दर वर्षी मिठाईवाल्याकडून माव्याचे मोदक आणायचं. आई सहा वर्षं त्यांना सांगत होती, एकदा माझे खाऊन बघा. या वर्षी सेक्रेटरी स्वतः घरी आले. "वहिनी, पहिल्या दिवशीच्या आरतीला एक हजार एक. फक्त एवढंच, की वेळेवर नाही आले तर परत कधी मंडळात तुमचं नाव काढता येणार नाही मला." आईने होकार दिला. ते गेल्यावर ती बराच वेळ गॅसच्या शेगडीकडे बघत होती, जणू ती शेगडीला विचारत होती, जमेल ना गं?

गणपतीला दहा दिवस उरले होते, तेव्हा मी काकींना फोन केला. शंभर नारळ आणि पिठी, चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचायला हवी.

"नाय गो चेडवा," काकी म्हणाल्या. "आम्ही सुट्टीवर आसंव."

"सुट्टी? काकी, गणपती आहे!"

"म्हणानच सुट्टी. तुझ्याच कागदार लिवलला आसा. सात नंबर वाच."

मला सात नंबर वाचायची गरज नव्हती. तरी मी वाचला. शब्दाशब्दात माझा घात होता. विशेषतः 'कुणाच्याही' या शब्दात.

"काकी, ते कलम मालकांविरुद्ध होतं."

"मगे? तू कोण?"

मागून बायकांचं हसणं ऐकू आलं. फोन स्पीकरवर होता. पत्रक त्यांनी गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं होतं आणि सातव्या कलमावर टाळ्या पडल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं. एरवी मला त्याचा किती आनंद झाला असता.

शेवटी काकींना दया आली. पिठी दळून ठेवलेलीच होती, ती त्या देणार होत्या. पण नारळ नाही. "घरोघरी गणपती येतले, पावणे येतले. नारळ आमकाच लागतत. आमचो गणपती काय साखर खातलो?"

मी बाबांकडे गेले. बाबांनी आयुष्यभर वाटाघाटी केल्या होत्या.

"बाबा, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. आईची ऑर्डर बुडेल."

बाबांनी कलम सात पुन्हा वाचलं. "मागणी रास्त आहे," ते म्हणाले. "मांडलंय पण छान. कुणी लिहिलं?"

"तुम्हीच."

"वाटलंच मला."

आई आतून ओरडली, "ते कलम उकडून वाढू का मंडळाला?"

पिठीची मात्र वाट लागली नाही, कारण गावच्या बसचा ड्रायव्हर माझ्याहून शहाणा निघाला. "ताई, गणपतीत गाड्या मुंबईहून भरून जातात आणि येताना रिकाम्या येतात. तुमची चार पोती काय, आख्खं गाव आणतो." एक रिकामी बस कोकणातून पिठी घेऊन यायला निघाली होती आणि मी मात्र सहा महिने 'वाहतुकीची समस्या' या मथळ्याखाली टिपणं काढत होते.

राहिले नारळ. म्हणजे राहिला तो बाजारातला दलाल.

मी सकाळी दहाला त्याच्या दुकानासमोर उभी राहिले. खांबावरचं माझं पत्रक पावसाने फाटलं होतं, पण 'रक्तपिपासू' शब्द शाबूत होता.

"ये ना," तो म्हणाला. "उभी का? पाणी पिणार?"

"काका, शंभर नारळ पाहिजेत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी."

"देतो. पण आधी एक सांग. हे रक्तपिपासू म्हणजे काय? मी मराठी शाळेत चौथीपर्यंतच होतो. बायकोला विचारलं, ती हसायलाच लागली."

मी अर्थ सांगितला. मग त्याने ढिगातला एक नारळ उचलून कानाशी हलवला, बाजूला टाकला, दुसरा हलवला, ठेवला. "ऐक. यातले दहातले दोन खराब. तुझी मम्मी खवट नारळ परत आणायची, मी बदलून द्यायचो. वीस वर्षं. गावातल्या बायका खवट नारळ परत घेणार का? बसने?"

जूनच्या संकष्टीला सात नारळ कमी भरले होते. ते खवट निघाले आणि आईने मला न सांगता गुपचूप केसांच्या तेलासाठी उकळले, हे मला त्या क्षणी कळलं.

"आणि तुझ्या कागदात लिहिलंय, प्लास्टिक बंद," तो पुढे म्हणाला. "मी कधी दिलं प्लास्टिक? माल गोणपाटात देतो, गोणपाट परत घेतो. शेंड्या काथ्यावाला नेतो. करवंट्यासुद्धा जातात. कचरा दाखव माझ्या दुकानात." मी शोधला. खांबावर चिकटवलेला कागद सोडला तर खरंच नव्हता.

त्याची अट एकच होती: त्याच खांबावर दुरुस्ती. मी तिथेच त्याच्या पाटावर बसून शुद्धिपत्रक लिहिलं. 'दलाल' काढला, 'व्यापारी' घातला. 'रक्तपिपासू'च्या जागी काय घालायचं यावर आमचा अर्धा तास वाद झाला. त्याला 'इमानदार' हवं होतं; मी म्हटलं, ते मी अजून तपासलेलं नाही. शेवटी 'खराब माल बदलून देणारे' यावर तडजोड झाली. मी आजवर लिहिलेलं हे सर्वांत अचूक पत्रक असावं.

चतुर्थीच्या पहाटे शेजारच्या पाच बायका आमच्याकडे वळायला बसल्या. मोदक न्यायला प्लास्टिक नाही हे माझं कलम मी सोडलं नव्हतं, म्हणून मजल्यावरचे सगळे स्टीलचे डबे मागवले, ज्यांवर कुणाच्या लग्नाची तारीख, कुणाच्या बारशाची भेट असं कोरलेलं होतं. एक हजार एक मोदक त्यांत हळदीच्या पानांवर बसले. मी मोजले. एक हजार दोन होते. जास्तीचा बाबांनी खाल्ला आणि भाष्य केलं नाही, यावरून चांगले झाले असावेत. आरतीला वीस मिनिटं असताना डबे मंडपात पोचले.

पाचव्या दिवशी सेक्रेटरी डबे परत करायला आले. रिकामे परत करायचे नसतात म्हणून प्रत्येकात प्रसाद होता.

"वहिनी, झकास! माव्याचा विषय संपला. पुढच्या वर्षी तुम्हीच. दहा दिवस आधी सांगतो तुम्हाला."

"मे महिन्यात सांगा," आई म्हणाली.

"मे? अहो, गणपती ऑगस्टात, सप्टेंबरात. मंडळाची मीटिंगच जुलैत होते."

"मग मेमध्ये घ्या. गावच्या बायका तांदूळ उन्हाळ्यात धुऊन सुकवतात, पावसात ते वाळत नाहीत. नारळवाल्यालाही आधी सांगितलेलं बरं. सणात ऐन वेळी मागायचं असेल तर मिठाईवाला आहेच."

सहा वर्षं जिने त्यांची वाट पाहिली, ती हे बोलत होती. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा मी समजूत काढेन म्हणून. मी छताकडे बघितलं.

"मेमध्ये अर्धे मेंबर गावी असतात हो, वहिनी."

"बरंच झालं. तिथेच तांदूळ बघून येतील."

सेक्रेटरींनी फोन काढला, मे महिना उघडला आणि विचारलं, "तारीख कुठली टाकू?"