तुळजाबाईची विहीर

शिरूरकडच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला तेव्हा तो सहकारी होता, आणि सभासद छाती फुगवून त्याला ‘आपला कारखाना’ म्हणायचे. पहिल्याच दुष्काळात कारखान्याचं पाणी आटलं, तशी तुळजाबाईच्या नवऱ्यानं, आसारामनं, मळ्यातली विहीर कारखान्याला लिहून दिली.

"आवं, मोसंबी वाळंल की!" तुळजाबाई कडाडली.

"वाळू दे. आपलाच कारखाना हाय."

मोसंबी वाळली. पुढाऱ्यांनी खाऊन खाऊन कारखाना बुडवला आणि एका कंपनीच्या घशात घातला. कारखान्याबरोबर विहीरही गेली. कंपनीनं तिला तारेचं कुंपण ठोकलं. आसारामनं त्याचा असा घोर घेतला, की त्यातच तो गेला.

यंदा पुन्हा दुष्काळ पडला. कंपनीला गावाचा लई कळवळा आला. तिनं पाण्याचा टँकर धाडला, संगं फोटोवालाही धाडला. तुळजाबाईनं नळाखाली घागर लावली, ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि जागीच थबकली. तीच मचूळ चव. नवी नवरी होऊन आल्यापासून तिनं हेच पाणी शेंदलं होतं.

"आरं मुडद्यांनो, हे तर माझ्याच विहिरीचं पाणी!"

टँकरवाल्यानं नळ बंद केला. "मावशी, फोटो झाल्याबिगर पाणी न्हाई. सायबाचा हुकूम हाय. त्या टँकरवरच्या कंपनीच्या नावाखाली उभ्या ऱ्हावा आन् जरा हसा."

घागर अर्धीच भरली होती. घरी नातवंडं तहानेनं रडत होती.

ओठावर आलेली शिवी गिळून तुळजाबाई हसली.