मुक्ताबेनच्या झोपाळ्याची जप्ती

लाभशंकर त्रिवेदी दाराशी उभे राहून देणेकऱ्याचं नाव तीनदा पुकारायचे, तेव्हा आमच्या रतनपरमध्ये गल्लीतली दारं लागायची आणि खिडक्या उघडायच्या. ते कोर्टाचे बेलिफ. एकतीस वर्षांत त्यांनी तालुकाभरच्या घरांतून कपाटं, पंखे, टीव्ही, स्कूटरी उचलल्या. एकदा तर वरातीची घोडी जप्त करून आणली. ती चार दिवस कोर्टाच्या आवारात बांधून होती आणि जज्जसाहेबांच्या बंगल्यातली सगळी जास्वंद तिने फस्त केली. जास्वंदीची भरपाई कोणी करायची याचं कलम काही त्यांना सापडलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही ते अधूनमधून शोधत असत.

पानाच्या गादीवर बसून ते सांगायचे, "आपण कुणावर अन्याय नाही केला. कायद्याने सोडायला सांगितलं ते सोडलं. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पलंग, अंगावरचे कपडे, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र. बाकी जे दिसलं ते लिहिलं."

आणि दिसायचं सगळंच. जप्तीच्या आदल्या दिवशी लोक टीव्ही शेजाऱ्याकडे पोचवायचे. लाभशंकर भिंतीवरचा चौकोनी स्वच्छ डाग बघायचे आणि सरळ शेजारी जाऊन म्हणायचे, "भाई, तुमच्याकडे दोन टीव्ही कसे?" घरची बाई हमखास पुढे यायची आणि डोळ्याला पदर लावून म्हणायची, हे कपाट माझ्या बापाने दिलंय, यांचं नाही. त्यावर लाभशंकर मान वर न करता विचारायचे, "पावती आहे?" बापाने दिलेल्या कपाटाची पावती कुठल्या बाईकडे असते? ते पुढचा नंबर घालायचे.

असा हा माणूस जामीन राहिला. कोर्टात कागदांच्या नकला काढून देणाऱ्या विभागातल्या किरीट वोराला फरसाणाचं दुकान काढायचं होतं आणि पतपेढीला जामीनदार हवा होता. जामीनदारांची घरं रिकामी करण्यात ज्याची हयात गेली, त्याने तरी पळून जायला हवं होतं. पण किरीट म्हणाला, "लाभुभाई, तुमच्यासारखं अक्षर अख्ख्या जिल्ह्यात नाही. तुमची सही असली की कागदाला शोभा येते." झालं. लाभशंकरांनी तीन ठिकाणी सही केली आणि चौथ्या ठिकाणी गरज नसताना केली. वर्षभरात किरीट सुरतेला गेला, तो कढई घेऊनच गेला. पुढे कुणी किरीटचं नाव काढलं की लाभशंकर स्वतःच म्हणायचे, "त्याने फसवलं नाही हो. त्याने फक्त कौतुक केलं."

पतपेढीने दावा लावला, निकाल मिळवला आणि वसुलीची दरखास्त टाकली. पेन्शनला हात लावता येत नव्हता. घरावर मुलीच्या लग्नात काढलेल्या कर्जाचा बँकेचा बोजा आधीच चढलेला होता. घर विकलं असतं तरी पहिला घास बँकेने घेतला असता आणि पतपेढीच्या वाट्याला खरकटं आलं असतं. मग उरलं काय, तर घरातलं सामान. सामान म्हणजे एक फ्रिज, एक कपाट, दोन खुर्च्या आणि दिवाणखान्यातला झोपाळा.

झोपाळा लाभशंकरांच्या बायकोचा, मुक्ताबेनचा. लग्नात त्यांच्या वडिलांनी महुव्याहून पाठवलेला, सागवानी फळीचा आणि पितळी कड्यांचा. मुक्ताबेन त्यावर बसून भाजी निवडायच्या, जपमाळ ओढायच्या, मुलीशी फोनवर बोलायच्या आणि नवऱ्याला काय काय जमत नाही ते त्याला सांगायच्या. आमच्याकडे बाईला घरात स्वतःची खोली नसते, झोपाळा असतो. फ्रिज गेला तरी मुक्ताबेनना चालणार होतं. "माठ आहे," त्या म्हणाल्या होत्या. झोपाळ्याबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या, कारण तो जाऊ शकतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी टेम्पो आला. पुढे जागृती सोळंकी, लाभशंकरांच्या जागेवर आलेली बेलिफ. दोन मुलांची आई, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून. मागे पतपेढीचा वसुली कारकून नटुभाई आणि दोन पंच. जागृती सहा महिने लाभशंकरांच्या हाताखाली काम शिकलेली. ती दारात येऊन नुसतीच उभी राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी आहे."

"नाव पुकार," लाभशंकर म्हणाले.

"काका, राहू द्या ना."

"तीनदा. बाहेरून. मी काय शिकवलं होतं?"

मग जागृतीने तीनदा नाव पुकारलं, लाभशंकरांनी तीनदा ओ दिली आणि समोरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

वॉरंट हातात घेतल्याबरोबर लाभशंकरांना चूक दिसली. वडिलांचं नाव हरजीवन हवं तिथे हरिशंकर पडलं होतं. या नावाचा इसम इथे राहत नाही, एवढं एक वाक्य आणि टेम्पो रिकामा परत. निदान दोन महिने निघाले असते. जागृतीलाही ते माहीत होतं. ती मुद्दाम छताकडे बघत होती.

"अगं, नाव चुकलंय," लाभशंकर म्हणाले.

"हो का?" जागृतीचा चेहरा उजळला. "मग मी परत जाते, काका. तसा शेरा मारते."

"परत कशाला? पंचनाम्यात लिही, देणेकऱ्याने समक्ष हजर राहून स्वतःची ओळख पटवून दिली. चालतं तसं. माझी तीन वॉरंटं अशीच बजावलेली आहेत."

नटुभाईने दोन्ही हात जोडले. "वा, लाभशंकरभाई! तुमच्यासारखा देणेकरी मिळायला भाग्य लागतं."

आपण काय बोलून बसलो हे लाभशंकरांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पण खरं सांगायचं तर त्यांना थोडी मजाही वाटत होती. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना कामाचं विचारत होतं. जागृती फ्रिज लिहायला लागली तर यांनी सांगितलं, कंपनी लिही, रंग लिही, दाराला पोचा आहे तो लिही, उद्या गोदामात पडला तर तुझ्या अंगाशी येईल. कपाट उघडून आतले कपडे यांनीच बाहेर काढले. खुर्च्या यांनीच मोजल्या. जागृतीने घाईघाईने कागद पूर्ण केला आणि सह्यांसाठी पंचांपुढे धरला.

"थांब," लाभशंकर म्हणाले. "झोपाळा राहिला."

भाजी निवडणारे मुक्ताबेनचे हात थांबले. त्या झोपाळ्यावरच बसल्या होत्या.

जागृतीने कपाळाला हात लावला नाही एवढंच. "काका, तो छताला बांधलाय. घराचाच भाग झाला तो."

"आकड्यातून काढला की निघतो. जंगम माल आहे."

"मासी," जागृती मुक्ताबेनकडे वळली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणाली, "तुम्ही यावर झोपता ना? अंथरूण-पलंग आम्हाला नेता येत नाही."

"मी कशाला झोपू? झोपतात ते. दुपारी, तोंड उघडं टाकून."

"बघा! म्हणजे पलंगच की!"

"छे," लाभशंकर म्हणाले, "दुपारची डुलकी कायद्यात बसत नाही. वरच्या कोर्टात टिकणार नाही."

मुक्ताबेनने भाजीचं ताट खाली ठेवलं. "हा झोपाळा माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाने दिलाय. यांचा नाही."

आणि लाभशंकरांनी, मान वर न करता, विचारलं, "पावती आहे?"

हे त्यांनी ठरवून विचारलं नाही. जिभेला सवय होती. पण विचारलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं, खिडक्यांनीसुद्धा. नटुभाई, जो वसुलीत कुणाच्या बापाला घाबरत नाही, तोही चपलेशी काहीतरी शोधायला लागला.

मुक्ताबेन झोपाळ्यावरून उतरल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून त्या झोपाळ्यावरून कधी उतरल्या नव्हत्या. "घेऊन जा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पितळी कड्या काढायला पंचांना येईनात. त्याही लाभशंकरांनीच काढून दिल्या.

पुढचे नऊ दिवस मुक्ताबेन दिवाणखान्यात फिरकल्या नाहीत. जेवण वाढायच्या, बोलायच्या नाहीत. लाभशंकर छताच्या दोन आकड्यांखाली चटई टाकून बसायचे आणि स्वतःला म्हणायचे, शाबास लाभशंकर, परक्याच्या घरात पाऊल ठेवताना तरी तू चपला काढत होतास. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटते आहे हे सांगायलाही घरात कुणी नव्हतं. दहाव्या दिवशी ते कोरा कागद आणि चांगलं पेन घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले.

"वांधा अर्ज करता येतो," ते म्हणाले. "माल देणेकऱ्याचा नाही, माझा आहे, असं बायकोला कोर्टात म्हणता येतं. कोर्ट चौकशी करतं."

"लिहा," मुक्ताबेन म्हणाल्या.

लाभशंकरांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, सदरहू झोपाळा अर्जदार बाईच्या मालकीचा असून त्यावर तिच्या पतीचा कसलाही हक्क नाही. ते वाचून दाखवल्यावर मुक्ताबेन म्हणाल्या, "पुढे लिहा, पती त्यावर आजवर माझ्या परवानगीने बसत होते."

"याची गरज नाही."

"लिहा."

लिहिलं. "आता लिहा, परवानगी नसतानाही बसत होते." तेही लिहिलं.

काम चार महिने चाललं. मुक्ताबेनचा भाऊ महुव्याहून येऊन साक्ष देऊन गेला. त्याने लग्नातला एक फोटो आणला होता. त्यात नवरीचं सामान बैलगाडीत चढवलेलं होतं आणि सामानाच्या वर उलटा ठेवलेला झोपाळा चारही कड्यांसकट दिसत होता. लाभशंकर पिंजऱ्यात उभे राहिले. झोपाळा कुणाचा, असं विचारल्यावर "बायकोचा," म्हणाले. मग यादीत तुम्हीच का घातलात, असं पतपेढीच्या वकिलाने विचारलं, तर म्हणाले, "साहेब, मी चांगला बेलिफ होतो, त्याचा हा परिणाम." कोर्ट हसलं. झोपाळा सुटला. फ्रिज, कपाट आणि खुर्च्या लिलावात गेल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

झोपाळा पुन्हा छताला लागला, मुक्ताबेन पुन्हा बोलायला लागल्या, आणि लाभशंकर पानाच्या गादीवर पुन्हा रुबाबात बसायला लागले. आता गोष्ट थोडी बदलली होती. आपण कायद्याच्या जोरावर पत्नीचा माल कसा सोडवला, अर्जात कुठलं कलम लावलं, हे ते पान लावून होईपर्यंत सांगायचे. नाव चुकलेलं आपणच दाखवलं हा भाग ते गाळायचे. तो भाग बाकीचे सांगायचे.

असं सांगून सांगून गोष्ट गाव ओलांडून गेली. होळीच्या आधी एक दिवस सकाळी झवेरबेन मकवाणा त्यांच्या दारात आल्या. सत्तरीच्या बाई, आठ कोसांवरच्या खेड्यातून एसटीने आलेल्या. हातात तिळाच्या चिक्कीचा डबा होता. लाभशंकरांनी त्यांना ओळखलं नाही. मुक्ताबेनने झोपाळ्यावरून बसायला सांगितलं.

"भाई," झवेरबेन म्हणाल्या, "तुम्ही बायकांचे अर्ज लिहून देता म्हणे. माझाही लिहून द्या. माझा पितळेच्या पत्र्याने मढवलेला पेटारा होता. आईने दिलेला. नवऱ्याच्या देण्यात गेला."

"कधी?"

"मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षी. तुम्हीच आला होतात की."

मग लाभशंकरांना पेटारा आठवला. बाई नाही आठवली. झाकणावर दोन मोर होते आणि एका मोराची मान चेपलेली होती. ते त्यांनी यादीत बारकाईने लिहिलं होतं.

"बेन, त्याचा लिलाव झाला," ते म्हणाले. "अर्ज मालाचा लिलाव व्हायच्या आधी करायचा असतो. आता काही होत नाही."

"असं होय." झवेरबेननी मान हलवली. रागावल्या नाहीत. एसटीचे पैसे वाया गेल्यासारखं तोंड केलं फक्त. "मग त्याच वेळी केला असता तर मिळाला असता?"

"मिळाला असता."

"मला काय माहीत हो असा अर्ज असतो ते." त्या उठल्या, पदर सारखा केला. मग काहीतरी सुचून थांबल्या आणि अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का, भाई, तेव्हा?"

सांगायला बरंच होतं. ते बेलिफचं काम नव्हतं. बेलिफने सल्ला द्यायचा नसतो. तसा नियमच आहे, आणि लाभशंकरांना त्याचा नंबरही पाठ होता. मुक्ताबेनचा झोपाळा थांबला होता.

"होतं, बेन," लाभशंकर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."